रंजीच्या चष्म्याचा नंबर

आमच्या घरात चष्मा एकच होता आणि तो सगळ्यांत लहान माणसाच्या नाकावर होता. माझी धाकटी बहीण रंजना, आम्ही तिला रंजी म्हणायचो, तीन-चार वर्षांची असताना तिच्या दोन्ही बुबुळांत पांढरं दिसायला लागलं. मोतीबिंदू म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं एवढंच आम्हाला माहीत. लेकराला तो होतो हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत कुणाला खरं वाटलं नव्हतं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आत भिंग बसवलं आणि बाहेरून चष्मा दिला. चष्म्याच्या काचेत खालच्या बाजूला अर्ध्या चंद्राच्या आकाराची दुसरी काच होती. आत बसवलेलं भिंग लांबचं-जवळचं आपल्या आपण जुळवून घेत नाही, म्हणून वाचायला ती खालची काच. तसला चष्मा गावात फक्त म्हाताऱ्यांकडे होता. त्यामुळे शाळेतली पोरं रंजीला ‘आजी’ म्हणायची. “ए आजी, नातू कुठंय?” असं कुणी म्हटलं की ती कमरेवर हात ठेवून “ह्यो काय समोर शेंबडा उभा हाय,” म्हणून मोकळी व्हायची. ती अशी होती. पुढं जे झालं त्यानं ती तशी राहिली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सणसरच्या शिवारात कालव्याच्या पोटचारीला लागून आमचं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, बाजूला मेंढरांचं वाडगं. आजोबांच्या काळात सगळं घर मेंढरामागं हिंडायचं. आमच्या वेळी पाणी आलं, ऊस आला आणि कळप एकट्या चुलत्यांकडे, तात्यांकडे, राहिला. ते वर्षातले कितीतरी महिने बाहेरच असायचे. घरी उरली ती म्हातारी मेंढरं, एक जर्सी गाय आणि आम्ही. पहाटे आईच्या भाकरीची थापथूप, वाडग्यातलं बेंबें आणि या सगळ्याच्या वर आक्काचा आवाज. आक्का म्हणजे माझी आत्या. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. आजी गेल्यावर तिनंच माझ्या वडिलांना, आण्णांना, लहानाचं मोठं केलेलं. त्यामुळे घरात आण्णा बोलायचे आणि आक्का ठरवायची. ती वाईट नव्हती. हुलग्याचं माडगं तिच्यासारखं कुणाला जमलं नाही, आणि रंजीच्या ऑपरेशनच्या वेळी पुण्याला दवाखान्याच्या जिन्यात तीच बसून राहिली होती. पण एकदा ऑपरेशन झालं म्हणजे रोग गेला, असा तिचा हिशेब. मग चष्मा कशाला? आणि चष्मा आहे तर नंबर का वाढतो?

नंबर वाढत होता हे खरं. बारामतीला डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे दर काही महिन्यांनी रंजीला न्यायचं असायचं. मी बारामतीला कॉलेजात अकरावीला, रोज एसटीनं जायचो, म्हणून ते काम माझ्याकडे. दर खेपेला बाई थोडा नंबर वाढवून द्यायच्या आणि दर खेपेला संध्याकाळी आमच्या सोप्यात तेच व्हायचं.

“वाढला का?” आक्का विचारायची.

“थोडा.”

“थोडा थोडा करून पोर आंधळी हुईल. अरं, ती काच डोळा वढून घेतीया. माझ्या सासरी एकजण व्हता चष्मेवाला. काच जाड जाड हुत गेली आन् शेवटी भिताडाला धरून चालाय लागला.”

“आक्का, डाक्टरला कळतंय की,” आई चुलीकडून म्हणायची.

“डाक्टरचं काय जातंय? पोर आपली हाय.”

म्हणून घरी आली की रंजीचा चष्मा उतरवायचा, डोळ्याला इसावा द्यायचा, ही आक्काची रीत. चष्मा भांड्यांच्या फळीवर. रंजी चाचपडत जेवायची, पण घर सवयीचं, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. आम्ही मौल्यवान वस्तू वापरून संपवणारी माणसं नव्हतो. ठेवणीतलं लुगडं, ठेवणीतलं भांडं, तसा ठेवणीतला चष्मा.

त्या पावसाळ्याच्या आधीच्या खेपेला नंबर बराच वाढला. मी घरी येऊन सांगितलं आणि चष्म्याबद्दल पहिल्यांदाच आण्णांनी तोंड उघडलं. तंबाखू मळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता फुडच्या टायमाला वाढला तर चष्मा बंद. डोळ्याला तरास नको आन् शाळा बी नको. तात्याबरोबर मेंढरामागं जाईल. मेंढरं काय फळ्यावर लिवलेली नसत्यात.”

रंजी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “न्हाय वाढणार आण्णा.”

“तुला काय म्हाईत?”

“मला म्हाईत हाय. मी सांगतो ना.”

हे मी का म्हणालो? रंजीची शाळा सुटू नये म्हणून, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. त्या घरात दहावी पास झालेला मी पहिला. आक्कासमोर दर खेपेला हरून यायचा मला कंटाळा आला होता. बाईंना विचारायचं होतं, की नंबर का वाढतो. एक प्रश्न विचारायचा होता. पण इंग्रजी बोलणाऱ्या बाईंना आपण अडाण्यासारखं काही विचारलं तर, या भीतीनं मी कधी विचारलं नाही. त्या काही सांगायला लागल्या की मी आधीच मान हलवायचो. त्याऐवजी मला जे येत होतं ते मी केलं. मला परीक्षा येत होती.

दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वर एक भलंमोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. पेशंट वाचतो, अडतो, मग कंपाउंडर लोखंडी चौकटीत काचा बदलून बघतो. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. अडलं म्हणजे नापास, नापास म्हणजे नंबर. इतक्या खेपा स्टुलावर बसून तो तक्ता मला कवितेसारखा पाठ झाला होता. र. पग. नटम. लकसव. आणि त्याखालच्या आणखी. ते मी रंजीला शिकवायला घेतलं.

वाडग्याच्या मागं बाभळीखाली आम्ही बसायचो. मी म्हणायचो, ती म्हणायची. मग एक डोळा झाकून. मग खालून वर. तिला तो खेळ वाटला. चार दिवसांत तिनं त्याला चाल लावली. गाईला चारा टाकताना, कपडे वाळत घालताना, र-पग-नटम, लकसव लकसव. आईनं ते कुठलं तरी शाळेतलं गाणं समजून उचललं आणि पीठ मळता मळता तीही गुणगुणायला लागली. मला हसू यायचं. रंजीनं एकदाच विचारलं, “दादा, पण आक्षर दिसलंच न्हाय तर?”

“दिसायची गरजच न्हाय. पाठ हाय न्हवं? तुला फकस्त ओळ कुठली ते कळलं पायजे. वरनं मोजायचं.”

“आन् डाक्टरीणबाईला कळलं तर?”

“तू सांगितल्याबिगर कसं कळंल? कुणाला सांगायचं न्हाय. सांगितलंस तर चष्मा जाईल. शाळा जाईल.”

तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. एवढीशी बोटं होती.

पावसाळ्यातल्या त्या खेपेला बाई नव्हत्या. कुठल्याशा गावी शिबिराला गेल्या होत्या. त्या असल्या की रंजीच्या डोळ्यात थेंब घालून हातातल्या दिव्यानं आत बघायच्या, त्याची मला खरी धास्ती होती. त्यामुळे बाई नाहीत ऐकून मला सुटल्यासारखं झालं. कंपाउंडरनं जुन्याच चष्म्यावर वाचायला लावलं. रंजी ताठ बसली. उजवा झाकून, डावा झाकून, सगळ्यांत खालची ओळसुद्धा तिनं न अडखळता म्हटली. मध्ये मुद्दाम एकदा थांबली, डोळे बारीक केले आणि मग अक्षर सांगितलं. ते मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनं केलं.

“घारीची नजर हाय की ओ पोरीची!” कंपाउंडर म्हणाला. “हाय तोच नंबर ऱ्हाऊ द्या. पन बाईंना एकदा दावा. फुडच्या आठवड्यात असत्यात.”

“आणतो,” मी म्हणालो. नेलं नाही.

घरी आलो आणि सोप्यातूनच ओरडलो, “तेवढाच हाय! वाढला न्हाय!” आई दारात आली, पदर तोंडाला लावून उभी राहिली. आण्णांनी रंजीच्या डोक्यावर हात ठेवला. आक्का उठली. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “जिंकलास रं भगवाना.” गाय नुकतीच व्याली होती. आक्कानं चिकाचा खरवस केला, वेलदोडे घालून, आणि पहिली वडी रंजीच्या तोंडात स्वतःच्या हातानं घातली. चष्माही आता दिवसभर लावू द्या म्हणाली. म्हणजे मी खोटं बोललो आणि घरात सगळं नीट झालं. तो खरवस मी पोटभर खाल्ला. मला तेव्हा काही खुपलं नाही, हे आज सगळ्यांत जास्त खुपतं.

मग पाऊस सरला, घटस्थापना झाली, दिवाळी झाली, कारखान्याची धुराडी सुरू झाली आणि रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या. या काळात घरात दिसत होतं, पण मी बघत नव्हतो. रंजी आता पोरांना उलटं बोलत नव्हती. गुरुजी एकदा रस्त्यात भेटले तर म्हणाले, “अक्षर सुंदर आहे, पण फळ्यावरची गणितं चुकीची उतरवून घेते. लक्ष कुठं असतं?” मी तिला घरी येऊन रागावलो. तिनं ऐकून घेतलं. रोज सकाळी मी निघताना ती विचारायची, “दादा, आज कुठला सदरा घालणार?” मला वाटायचं, पोरींना कपड्यांचं वेड असतं. संध्याकाळी मी एसटीतून उतरलो की ती फाट्यावर उभी असायची आणि लांबून हात करायची. एकदा मी कॉलेजात मित्राचा सदरा बदलून घातला होता. तिच्या समोरून गेलो तरी ती रस्त्याकडेच बघत राहिली. मी मागून टपली मारली तर केवढ्यानं दचकली. मी हसलो.

पुढच्या तपासणीचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मी उजळणी घेतली. तिनं सगळं म्हटलं, पण चाल लावली नाही.

बारामती स्टँडवर उतरलो आणि मला वाटलं, आधी एकट्यानं जाऊन बघून यावं. बाई आहेत का, कंपाउंडर आहे का. बाई असल्या तर काहीतरी सांगून परत यायचं, असा बेत. रंजीला बाकावर बसवलं, पेरूवाल्या मावशींच्या टोपलीशेजारी. “हितनं हलायचं न्हाय. मी आलोच.”

“बिगीनं ये,” ती म्हणाली.

दवाखान्यात गेलो. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. भिंतीवरचा तक्ता नव्हता. त्याजागी आत दिवा असलेली नवी पेटी होती आणि तिच्यावरची अक्षरं वेगळी होती. आतला म्हातारा पेशंट वाचत होता आणि मी दाराच्या फटीत उभा राहून ओठ हलवत होतो. हो, तरीही मी पाठच करत होतो. तीन ओळी झाल्या, दार लागलं, पुन्हा उघडलं, पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ गेला मला कळलं नाही, बाई आहेत का ते बघायचंही राहिलं. नव्या ओळी घोकत मी स्टँडवर आलो. बाकावर एक गाठोडं होतं. रंजी नव्हती.

पहिल्यांदा राग आला. मग मी नळाकडं बघितलं, बायकांच्या मुतारीकडं बघितलं, फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाका मारत गेलो. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर ओरडत होते. माझ्या डोक्यात अजून ती अक्षरं फिरत होती. चौकशीच्या खिडकीत वाकून मी सांगितलं. आत एक जाडजूड साहेब चहा पीत होते.

“काय खूण हाय पोरीची?”

“हिरवं परकर-पोलकं. चवथीला हाय. चष्मा हाय, जाड काचंचा.”

“चष्मा हाय? मग गाडीवरची पाटी वाचाय येती की तिला. चुकीच्या गाडीत कशी बसंल? जा, आसंल कुठंतरी गोळ्या-बिस्किटाच्या दुकानाम्होरं.”

मागं रांगेतलं कुणीतरी हसलं. मला म्हणायचं होतं, साहेब, तिला पाटी दिसत नाही. इतके महिने मी तिला जे न सांगायला शिकवलं होतं ते मलाही सांगता येईना.

पेरूवाल्या मावशी टोपली घेऊन दुसऱ्या फलाटावर गेल्या होत्या, त्या तेवढ्यात परत आल्या. “आरं, तुझी भन व्हय ती? ती गेली की! एक पोरगं चाललं व्हतं निळ्या सदऱ्याचं, त्येच्या मागं ‘दादा, दादा’ करीत पळाली. म्या म्हनलं भाऊ आला आसंल.”

मी खाली बघितलं. माझा सदरा निळा होता.

“कुठल्या गाडीत, मावशी?”

“ती काय, भिगवनची. कवाच सुटली.”

भिगवणला रेल्वे आहे. मी पुन्हा खिडकीकडं धावलो आणि यावेळी ओरडलोच, “साहेब, तिला लांबचं दिसत न्हाय! चष्मा जुना हाय! ती भिगवणच्या गाडीत हाय!” साहेबांनी कप ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता फोनची तबकडी फिरवली. लाइन लागेना. पुन्हा फिरवली. तिकडून कुणीतरी उचललं तेव्हा म्हणाले, “आमच्या गाडीत एक पोर आलीया, हिरवं पोलकं. स्टँडच्या भाईर सोडू नगा. रेल्वेकडं तर आजाबात न्हाय.” मग माझ्याकडे वळून, “आता बस हितंच. गाडी तितं पोचली का न्हाय तेबी त्यास्नी म्हाईत न्हाय.”

मी बसलो नाही. मी त्या फलाटाच्या कडेला उभा राहिलो. आता बारामतीचा स्टँड बदलला, सगळं नवं झालं, तरी त्या बाजूच्या फलाटावर मी उभा राहत नाही. डोळ्यांपुढं मी काय काय बघितलं त्या वेळात. रूळ बघितले. गाडीतून मध्येच कुठल्या तरी ओढ्याकाठी उतरलेली ती बघितली. आक्कापुढं उभा असलेला मी बघितला, आणि त्यातही आधी मला माझंच तोंड दिसलं याची लाज वाटली. उन्हं डोक्यावरून कलली. एक भिगवणची गाडी आली, तिच्यातून सगळी माणसं उतरली, ती नव्हती. साहेबांनी पुन्हा फोन लावला. लागला नाही. दुसरी गाडी आली.

कंडक्टरनं तिला हाताला धरून उतरवलं. “हिचा भाऊ कोन? तू? आरं, कसला भाऊ तू? गाडीत गर्दी, पोरीनं तितं उतरल्यावर त्या पोराचा सदरा धरला, पार नाकाजवळ जाऊन त्वांड बघितलं, आन् मंग जी रडाय लागली! इचारलं, का चढलीस गं, तर म्हनती चुकून. घर कुठं, तर सणसर. एवढंच. दुसरं कायबी बोलंना.”

रंजी रडत नव्हती. चष्मा डोळ्यांवर नव्हता, मुठीत घट्ट धरला होता. काचेवर मीठ वाळलेलं. ती माझ्याजवळ आली, माझं तोंड अगदी जवळून बघितलं आणि हळूच म्हणाली, “दादा, मी कुणाला सांगितलं न्हाय. दिसत न्हाय म्हणून.”

मी तिथं, फलाटावर, खाली बसलो.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. बाई होत्या. रंजीला स्टुलावर बसवायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं. तक्ता, बाभळ, कंपाउंडरनं परत बोलावलेलं, आताच्या नव्या ओळी. बाई ऐकत होत्या. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी विचारलं, “दहावीला किती मार्क पडले तुला?”

मी सांगितले.

“चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग रंजीकडे वळल्या.

रंजीच्या डोळ्यांत थेंब घातले. मग अंधार करून, हातातल्या दिव्याची उजेडाची पट्टी त्या तिच्या बुबुळावरून इकडून तिकडं नेत राहिल्या आणि मध्ये एकेक भिंग धरत गेल्या. एक अक्षरही वाचायला लावलं नाही. काम झाल्यावर मला बोलावलं. “याला पेशंटनं उत्तर द्यायची गरज नसते. तू तिला तेव्हा पुढच्याच आठवड्यात परत आणलं असतंस तर मला कळलं असतं.” मग त्यांनी जे सांगितलं ते मी वर्षभर आधी विचारायला हवं होतं. लहान मुलाचा डोळा वाढतो, लांबट होत जातो. आत बसवलेलं भिंग आहे तेवढंच राहतं. म्हणून जवळचं दिसतं, लांबचं पुसट होत जातं आणि नंबर वाढतो. ऑपरेशन बिघडलं म्हणून नाही, चष्म्यानं डोळा ओढला म्हणूनही नाही. पोर मोठी होते आहे म्हणून. “पावलं वाढली की चपला बदलतो ना? तसं. फक्त चपला लहान झाल्या तर पाय दुखतो, मूल रडतं. इथं दुखत नाही.”

आणि मग दुसरी गोष्ट. दोन डोळे सारखे वाढले नव्हते. डाव्याचा नंबर जास्त पुढं गेला होता, आणि पुसट दिसणाऱ्या त्या डोळ्याकडून मेंदूनं काम घेणं कमी केलं होतं. आता उजव्यावर रोज काही तास पट्टी लावून डाव्याला कामाला लावायचं.

“पहिल्यासारखा होईल?”

“मी तुला खोटं सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “वय लहान आहे. बघू.”

रंजीचा डावा डोळा उजव्याच्या बरोबरीला कधीच आला नाही. आज ती इंदापूरला नोकरी करते, स्कूटर चालवते, तिची दोन मुलं आहेत. बोलताना मान किंचित वळवून बघते. ज्यांना माहीत नाही त्यांना ती लकब वाटते. मागं मी एका डॉक्टरांना विचारलं होतं, त्या हुकलेल्या महिन्यांमुळेच हे झालं का. ते म्हणाले, कदाचित, कदाचित मुळातच तसं होतं, आता कुणी सांगू शकणार नाही. म्हणजे मला दोषी ठरवायलाही कुणी नाही आणि सोडून द्यायलाही. तिनं हा विषय आजवर एकदाही काढलेला नाही.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. मटकीची आमटी होती. रंजीच्या बाहुल्या थेंबांनी मोठ्या झाल्या होत्या, चिमणीच्या उजेडानंही ती डोळे मिटत होती. आण्णांनी घास मोडला आणि विचारलं, “काय झालं?”

मी सांगायला लागलो. स्टँडचं सांगितलं तेव्हा आईची भाकरी तव्यावरच राहिली, करपली, कुणी उठलं नाही. तक्त्याचं सांगितलं तेव्हा आई एकदम म्हणाली, “ते गानं...” मी खाली बघून बोलत होतो.

“म्हंजी नंबर वाढलाच व्हता,” आण्णा म्हणाले.

“व्हय. तवाबी. आता आजून.”

“मग ठरलं हाय आपलं. काढा चष्मा,” आक्का म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. “मी म्हनत व्हते...”

“आक्का,” रंजी म्हणाली. मिटल्या डोळ्यांनी. “मला तुमचं त्वांड दिसत न्हवतं. खरवस दिला तवाबी. आवाजावरनं वळखलं तुमाला.”

आक्काचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं तो पदराला पुसला, कितीतरी वेळ पुसत राहिली.

आण्णांनी मला विचारलं, “का वाढतो म्हनली डाक्टरीन?” मी डोळ्याच्या वाढीचं सांगितलं, चपलांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग आक्काकडे वळून म्हणाले, “कोकराच्या गळ्यात घंटीचा पट्टा बांधतो आपुन. कोकरू वाढतं. पट्टा सैल केला न्हाय तर गळ्यात रुततो. म्हनून कुनी कोकराला दोष देतं का पट्ट्याला?” घास गिळून ते म्हणाले, “चष्मा ऱ्हाईल. शाळा बी. डाक्टरीन म्हनंल तवा नंबर बदलायचा.” मग माझ्याकडे बघून, “नवा चष्मा कवा आनायचा? तू घिऊन जाशील न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

“दादा नको,” रंजी म्हणाली.

तिनं ते रागानं म्हटलं नाही. मीठ वाढ म्हणावं तसं म्हटलं. “दादा उत्तरं सांगतो. आण्णा, तुमी चला.”

माझा घास हातात होता. कुणीच तिला गप्प केलं नाही. आईनं करपलेली भाकरी काढून दुसरी तव्यावर टाकली.

आठवड्यानं आण्णा निघाले. त्यांना दवाखान्यातलं काही ठाऊक नव्हतं, बाईंशी काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, आणि रंजीचं बोट धरून उभे होते. रंजीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मी वाटेपर्यंत गेलो. मी म्हणालो, “रंजे, नीट सांग हं बाईंना.”

ती थांबली, मागं वळली. पट्टीनं झाकलेल्या डोळ्याची बाजू माझ्याकडं होती, म्हणून तिला सगळी मान फिरवावी लागली.

“दिसंल तेवढंच सांगणार,” ती म्हणाली, आणि आण्णांचं बोट ओढत पुढं चालायला लागली.